बाटली कोणाची

जुळी झोपली होती, तेवढ्यात मी बाळांना दूध पाजायची आठवण देणाऱ्या माझ्या ॲपचा जावास्क्रिप्ट कोड घेऊन बसले. टायमर वाजला की त्या त्या बाळाचं नाव दिसायला हवं होतं, पण दिसत होतं ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे ‘ठाऊक नाही’. तीन वाजता पाळणाघराच्या ताई ॲप बघायला येणार होत्या.

सासूबाईंच्या हाती बाटली देत म्हटलं, “जागं झालं की पाजा.”

“कोण? थोरला की धाकटी? नंतर मला कोण सांगणार गं?”

मी थबकले. टायमरलाही मी नुसतं काम सांगितलं होतं, कोणाचं ते नाही. टायमरला दिलेलं ते काम, म्हणजे फंक्शन, तिथेच त्या बाळाशी बाइंड केलं, जोडूनच टाकलं, आणि पडद्यावर धाकटीचं नाव झळकलं. मी आनंदाने सासूबाईंना सगळं सांगितलं.

“म्हणजे त्या टायमरपेक्षा मी बरी,” त्या म्हणाल्या. “निदान विचारलं तरी.”