हवेत आवळलेले बोल्ट

आमची गाडी बाळाने दुरुस्त केली, असं बाबा हल्ली येईल त्याला सांगतात. शेजारचे आजोबा आले, त्यांना सांगितलं. सिलिंडरवाला आला, त्यालाही सांगितलं. आणि वर पुस्ती जोडतात, "हिने बोल्ट ढिलेच सोडले होते हो. बाळाच्या लक्षात आलं म्हणून वाचलो, नाहीतर चाकच निखळलं असतं." हे सगळं माझ्यासमोर. मी तेव्हा सिलिंडर आत ओढत असते.

बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ. पाळण्यातला नव्हे. चांगलं टक्कल पडलंय त्याला, पोरी कॉलेजात जातात. पण बाबांच्या लेखी तो अजून बाळच आहे. मला ते 'अगं ए' म्हणतात.

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यायची पाळी माझ्यावर आली. गाडी जुनी, बाबा पंपहाऊसमध्ये फिटर होते तेव्हा घेतलेली. रस्त्यात जरा कुठे खड्डा आला की पुढच्या चाकांतून असा 'खडाक' आवाज यायचा की बाबा दारावरची मूठ धरून डोळे गच्च मिटायचे. मग कण्हायचे आणि मग माझ्यावर ओरडायचे. "सावकाश चालव की जरा!" अहो, याहून सावकाश चालवली असती तर मागून येणाऱ्या सायकलवाल्याने शिव्या घातल्या असत्या.

गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं आणि तो चुकचुकला. "बुश गेलेत, ताई. रबर उरलंय कुठे यात? आठवडाभर ठेवून जा गाडी." आता आठवडाभर गाडी ठेवली तर बाबांना नेऊ कशी? खांद्यावर? दुसऱ्या कुठल्याच गाडीत त्यांचा तो पाय नीट मावत नाही. म्हटलं, मरू दे, मीच करते.

बुश म्हणजे फार काही दिव्य नसतं. चाकाला धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, त्याला आर्म म्हणतात. तो गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडतात तिथे जाड रबर बसवलेलं असतं. रबराच्या पोटात लोखंडी नळी आणि नळीतून बोल्ट. सगळे हादरे ते रबर बिचारं सोसतं आणि एक दिवस झिजून जातं. त्याची आठवणसुद्धा कोणाला होत नाही, आवाज यायला लागेपर्यंत.

मला हे माहीत कसं? तर बाबा हे काम बाळाला शिकवायचे तेव्हा बॅटरी मी धरायचे. दोघं गाडीखाली आडवे आणि मी बाजूला उकिडवी. बाबा समजावून सांगायचे, "हे बघ, गाडी उचललेली असताना हा आर्म खाली लोंबतो. तेव्हा बोल्ट आवळायचा नाही. नुसता आत घालून ठेवायचा, ढिला. गाडी खाली येऊन वजन चाकांवर पडलं की मगच आवळायचा. हवेत आवळलास तर रबर वाकड्या मानेने झोपल्यासारखं कायमचं पिळलेलं राहतं आणि फाटतं. समजलं का रे बाळ?" बाळ मान डोलवायचा. त्याचं सगळं लक्ष गल्लीतल्या चेंडूकडे. मला समजलं का, हे कोणी विचारलं नाही. मला फक्त "बॅटरी नीट धर!" एवढंच. समजलं मात्र मला. आता मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, तिथेही डॉक्टरीणबाईंच्या शेजारी उभी राहून दिवाच फिरवते. आहे की नाही मजा?

खरं सांगायचं तर बाबांचा खुबा दुखतो हे कारण होतंच, पण तेवढंच नव्हतं. मला वाटत होतं, त्यांनी एकदा म्हणावं, "बरं केलंस हं." बस्स, एवढंच. केस पिकल्यावर असलं काही हवं असणं लाजिरवाणं आहे, मला कळतं. पण हवं होतं, त्याला काय करू?

शनिवारी गाडी जॅकने उचलून खाली स्टँड लावले. बाबा घराच्या मागच्या दारात खुर्ची टाकून बसले, हातात काठी, मांडीवर पेपर. पहिलाच बोल्ट गंजून बसलेला. तेल मारलं, वाट बघितली, पुन्हा मारलं.

"नाही निघायचा तो," बाबा म्हणाले. "बाळाला बोलाव."

पान्याच्या दांड्यावर पाइपचा तुकडा चढवला, त्याच्यावर सगळा भार टाकला आणि बोल्ट किंचाळत सुटला. बाबांनी पेपरचं पान उलटलं.

जुने बुश करवतीने कापून काढले. नवे आत दाबायला यंत्र कुठून आणू? लांब बोल्ट, दोन्हीकडे जाड चकत्या आणि पाइपचा तुकडा एवढ्यावर भागवलं. रबराला साबणाचं पाणी लावलं आणि नट फिरवत फिरवत बुश आत ओढून घेतला. बोटांची सालटी निघाली ती वेगळीच.

"सरळ जातोय का बघ," बाबा.

"सरळच जातोय."

"जुना कुठल्या बाजूला वळलेला होता, खूण केली होतीस?"

"केली होती."

"हं," बाबा म्हणाले, आणि खुर्ची जरा पुढे सरकवली. त्या 'हं'मध्ये थोडी माया होती. निदान मला तरी ऐकू आली. त्या दिवशी अंगाचा पार भुगा झाला होता, तरी मी भांडी घासताना गुणगुणत होते.

रविवारी दुपारपर्यंत दोन्ही आर्म जागेवर गेले. बोल्ट आत घालून ढिले ठेवले, चाकं चढवली. आता फक्त गाडी खाली घ्यायची, बाबांनी बनवलेल्या उताराच्या लाकडी ठोकळ्यांवर पुढची चाकं चढवायची आणि खाली शिरून आवळायचं, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. बाळ! फळांची पिशवी, बाबांना मिठी, मला पाठीवर थाप. वाईट नाहीये हो तो. येतो तेव्हा घर कसं हसतं. कधी येईल याचा पत्ता नसतो, एवढंच.

"ताई, काय अवतार केलायस! जा, हात धू, चहा टाक. मी बसतो बाबांजवळ."

मी हात धुतले आणि चहा टाकला. कप घेऊन बाहेर येते तर गाडीखालून बाळाचे पाय दिसतायत आणि पान्याचा कर्रकर्र आवाज. स्वारी बाहेर आली ती लढाई जिंकल्यासारखी.

"ताई, तू वेडी आहेस का गं? बोल्ट हाताने फिरत होते! सगळे! असंच चालवली असतीस तर? नशीब मी डोकावलो. करकचून आवळून टाकलेत."

मी ट्रे पायरीवर ठेवला. "तू हवेत आवळलेस?"

"हवेत म्हणजे?"

म्हणजे काय ते सांगितलं. वजन, आर्म, रबर, पीळ, सगळं सांगितलं. तो हसायलाच लागला. "काय गं ते वजन-बिजन! बोल्ट तो बोल्ट. घट्ट पाहिजे."

मी बाबांकडे वळले. "बाबा, तुम्हीच सांगा त्याला. तुमचंच शिकवलेलं आहे ना?"

बाबांनी गाडीकडे बघितलं, मग काठीच्या टोकाकडे. त्यांना माहीत होतं. दुखत असताना 'नाही दुखत' म्हणणारी माणसं मी रोज बघते, मला चेहरा कळतो.

"असू दे आता," बाबा म्हणाले. "एवढं केलंय ना त्याने? चहा दे त्याला."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि मी चहा दिला. साखर ढवळून दिला. त्याचा राग मला अजून येतो, बाळापेक्षा जास्त माझाच येतो.

बाळ संध्याकाळी गेला. सोमवारी कामावर जायच्या आधी, जरा उजाडल्यावर मी ठोकळे ओढत आणले, गाडी स्टँडवरून खाली घेऊन त्यांच्यावर चढवली, वरून दाबून दाबून हलवली आणि खाली शिरले. पहिला बोल्ट सोडला तसा आत 'टक्' आवाज झाला, पिळलेलं रबर सुटून आपल्या जागेवर आलं. मग एकेक बोल्ट सोडत गेले आणि पुन्हा आवळत गेले. डोळ्यात गंजाचा कचरा गेला, तो चोळत चोळत अंघोळीला पळाले.

दुपारी बाबांना घेऊन निघाले. शाळेसमोरचा गतिरोधक आला. बाबांनी सवयीने वरची मूठ पकडली, डोळे मिटले. काही नाही. आवाज नाही, हादरा नाही. पुढचा मोठा खड्डा आला आणि गेला. बाबांनी मूठ सोडली, हात मांडीवर ठेवला. मी समोर बघत होते, पण कान सगळे त्यांच्याकडे. म्हणा आता. एकदा म्हणा.

बाबांनी खिशातून फोन काढला.

"बाळा, अरे काय गाडी झालीये! नाही नाही, अजिबात आवाज नाही. लोण्यातून चालल्यासारखी! तुझा हातच वेगळा रे."

फोन खिशात जाईपर्यंत मी कशीबशी थांबले. मग गाडी बाजूला घेतली.

"बाबा, ते सगळे बोल्ट मी आज सकाळी सोडले. वजन चाकांवर घेऊन परत आवळले."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"जागाच होतो. ठोकळे ओढलेस ते ऐकलं. रबर सुटल्याचा आवाजही आला."

"आणि काल ढिले का ठेवले होते, तेही माहीत होतं."

"मीच शिकवलंय, मला माहीत नसणार?"

"मग आत्ता त्याला काय सांगितलंत?"

"एवढ्या लांबून येतो बिचारा. त्याला वाईट वाटलं असतं."

"आणि मला?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. चिडून नाही, लाजूनही नाही. खरंच न समजल्यासारखं बघितलं.

"तुझं काय अगं," ते म्हणाले, "तू तर इथेच असतेस."

त्यांनी घड्याळात बघितलं.

"चल, उशीर होतोय. व्यायामाच्या बाई खोळंबल्या असतील."

मी गाडी सुरू केली. दवाखान्याच्या वळणाआधी एक गतिरोधक आहे, कोणीतरी सूड उगवायला बांधल्यासारखा उंच. तो मी मुद्दाम जोरात घेतला. पाय ब्रेककडे नेलाच नाही. कण्हू देत, म्हटलं, एकदा कळू देत.

गाडी अलगद वर गेली आणि अलगद खाली आली. बाबा खिडकीतून दुकानाच्या पाट्या वाचत होते, त्यांना कळलंसुद्धा नाही.