सात खणांत न मावलेली माया

मित्रांनो, मी सात खणांची एक जुनी प्लास्टिकची डबी आहे. सात वारांचे सात खण आणि प्रत्येकाला स्वतंत्र झाकण. झाकण नीट लागलं की 'टक्' असा आवाज येतो. त्या आवाजाचा मला फार अभिमान. गर्व म्हणालात तरी चालेल.

कारखान्यात मी वितळलेल्या प्लास्टिकमधून साच्यात उतरले. औषधाच्या दुकानातून मला या घरात आणलं ते आजोबांसाठी, त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या ठेवायला. माणूस शिस्तीचा. गोळी गिळायचे आणि मला म्हणायचे, "शाब्बास!" पुढे आजोबा गेले. मग मी संपलेले सेल आणि बिनकुलपाच्या चाव्यांबरोबर टेबलाच्या कप्प्यात पडून राहिले. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. फार वाईट वाटायचं.

एके दिवशी आजोबांच्या सूनबाईने मला बाहेर काढून स्वच्छ धुतलं. सूनबाई चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवते. तिला बाळ हवं होतं, पण तिला पीसीओएस नावाचा त्रास आहे. त्यात स्त्रीबीज वेळेवर तयार होत नाही, पाळीचं चक्र बिघडतं. म्हणून तिचे उपचार चालू झाले. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं दिली आणि सोबत पूरक म्हणून फॉलिक ॲसिड आणि व्हिटॅमिन डी. एवढंच. मी पुन्हा कामाला लागले. टक्!

पण घरच्यांची माया आडवी आली. नवऱ्याने मोबाइलवर जाहिरात पाहून एक बाटली मागवली. "घेऊन तर बघ, नुकसान काय होणार आहे?" सूनबाईच्या ताईने दुसरी पाठवली. "माझ्या मैत्रिणीला याच्यानेच गुण आला." सासूबाईंनी शेजारणीकडून तिसरी आणली. "अगं, ताकदीचं आहे. डॉक्टरांना कशाला सांगायचं? हे काय औषध आहे का?"

सूनबाईला कुणालाच नाही म्हणवेना. त्यात मनात धास्ती. एखादी गोळी टाळली आणि नेमका त्यामुळेच गर्भ राहिला नाही तर? माझे खण इतके ठासून भरले की झाकणं लागेनात. शेवटी तिने मला रबर लावलं. माझी 'टक्' गेली.

दर भेटीत डॉक्टरीणबाई विचारायच्या, "आणखी काही घेतेस?" सूनबाई म्हणायची, "नाही." ती खोटं बोलत नव्हती. त्या घरात औषध म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलं, बाकी सगळं खाणं! पण तिन्ही बाटल्यांत पुन्हा तेच व्हिटॅमिन डी होतं. गोळ्यांचे रंग तेवढे निराळे. माझा जीव टांगणीला लागला. मला सात तोंडं आहेत, पण बोलता एकानेही येत नाही.

मग तिला सारखी तहान लागू लागली. मळमळू लागलं. दुकानात थकव्याने हातातली काच निसटली. एका सकाळी ती उलटी करून आली आणि सासूबाईंचा चेहरा उजळला. "मी सांगते, गोड बातमी आहे! आजची गोळी चुकवू नकोस हं." सूनबाई हसली, पाणी प्यायली आणि सगळ्या गोळ्या एका दमात गिळल्या. मला ओरडावंसं वाटत होतं.

तपासणीच्या दिवशी त्या दोघी दवाखान्यात गेल्या. मी पर्समध्ये होते. डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद पाहिला. सासूबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला.

"या वेळी गर्भ नाही राहिला," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

"मग मला उलट्या का होतात?" सूनबाईला रडू फुटलं. रुमालासाठी तिने पर्समध्ये हात घातला, माझं रबर तुटलं आणि मी टेबलावर उताणी पडले. सगळीकडे गोळ्याच गोळ्या.

"हे काय आहे?"

"काही नाही, व्हिटॅमिनं आहेत."

डॉक्टरीणबाईंनी एकेका गोळीबद्दल विचारलं आणि लगेच रक्त तपासायला पाठवलं. कॅल्शियम फार वाढलं होतं. "व्हिटॅमिन डी जास्त झालं की असं होतं. आता हे आधी उतरू दे, तोवर पुढचे उपचार थांबवावे लागतील."

थांबवावे लागतील! सूनबाई हुंदके देत रडली. पुढच्या भेटीला सासूबाई पिशवीत सगळ्या बाटल्या घेऊन आल्या आणि टेबलावर मांडून म्हणाल्या, "डॉक्टर, ही आमची माया. यातलं काय ठेवू?"

"यातलं काहीच नको, आई."

सासूबाईंनी बाटल्या परत भरून पिशवी बांधली.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. तुमच्या घरी कुणी आजारी असेल तर त्याच्या डबीत मायेपोटीसुद्धा न विचारता काही टाकू नका. आणि रिकाम्या खणाला घाबरू नका.

आज काही महिन्यांनी सूनबाई पुन्हा त्याच खुर्चीत बसली आहे. उपचार पुन्हा चालू झालेत. निकाल अजून आलेला नाही. तिच्या पायाची बोटं चपलेत आवळली आहेत आणि माझाही जीव मुठीत आहे.

"आणखी काही घेतेस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सूनबाईने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी 'काही नाही' अशी मान हलवली.

"नाही," सूनबाई म्हणाली, आणि तिने मला उघडून दाखवून माझं झाकण लावलं. टक्.