एक जूनच्या दोन नवशी

जव्हारच्या ज्या कार्यालयात मी हेडक्लार्क होतो त्याचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन चालू आहे. २००४ साली तिथे एक कॉम्प्युटर, एक टेलिफोन आणि हर्षाली नावाची कंत्राटी ऑपरेटर होती. तिघांत काम करायची ती हर्षाली. इंटरनेट लावलं की टेलिफोन अडायचा, म्हणून साहेब जेवायला गेले की ती इंटरनेट लावायची. वरच्या ऑफिसचा समज होता की जव्हारला कामाचा फार रेटा आहे, फोन सतत एंगेज.

मे महिन्यात वरून पत्र आलं. मुलींच्या वसतिगृहाच्या आठवीच्या यादीत काही नावं दोनदा आली आहेत, ती काढून यादी पाठवा. जव्हार-मोखाडा मिळून अकराशे नावं. अर्ज दोन-दोन ठिकाणांहून येऊन टाइप झालेले, त्यामुळे तक्रार खोटी नव्हती.

हर्षालीला याद्या ठेवायचं फॉक्सप्रो कामापुरतं यायचं; हे तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. तिने एका वेबसाइटवर विचारलं. तिथे जगभरचे डेटाबेसवाले एकमेकांच्या अडचणी सोडवतात. कॅनडातल्या वॉल्टर नावाच्या निवृत्त गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं. या माणसाने अशी चार हजार उत्तरं दिली होती, आणि सगळी फुकट. मला पटेना. आमच्याकडे नुसता जावक क्रमांक विचारला तरी समोरचा आधी चहाकडे वळतो.

वॉल्टरने एकच गोष्ट विचारली होती: तुमच्याकडे एक माणूस दुसऱ्यापासून वेगळा कशावरून ओळखतात?

हर्षालीने ते मला विचारलं. मी म्हटलं, नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख. एवढं जुळलं की माणूस तोच. तीस वर्षांच्या नोकरीच्या जोरावर सांगितलं.

आता, माझी जन्मतारीख एक जून. हर्षालीचीही एक जून. शिपाई लाडक्याची तीच, साहेबांच्या ड्रायव्हरचीही तीच. पोराला शाळेत घालताना बापाला तारीख ठाऊक नसली की मास्तर एक जून लिहून मोकळे होतात. दर एकतीस मेला आमचं निम्मं कार्यालय एकाच हाराखाली निवृत्त होतं. याचं आम्हाला कधी नवल वाटलं नाही, त्यामुळे ते कॅनडाला कळवावं असंही कुणाला सुचलं नाही.

वॉल्टरने सहा ओळींचा प्रोग्राम पाठवला आणि आधी यादीची प्रत काढून ठेवा असं बजावलं. हर्षालीने फ्लॉपीवर प्रत काढली. प्रोग्राम चालवला. त्रेसष्ट नावं गळाली.

साहेब खूश झाले. "त्रेसष्ट बोगस," ते म्हणाले. नावं खरंच गेली का, असं त्यांनी विचारलं. हर्षालीने सांगितलं की आत्ता त्यांच्यावर नुसती खूण झाली आहे, पॅक केलं तरच कायमची जातील. मग करा पॅक, असं साहेब म्हणाले. नवी यादी वर पाठवायला फ्लॉपी हवी होती. कार्यालयात फ्लॉपी एकच होती, प्रतीची; ती पुसून तीच वापरली. सोबतच्या पत्रात 'बोगस' हा शब्द साहेबांचा, 'तत्परतेने' माझा.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जामसरचा गोमा मुकणे मुलीला घेऊन आला. मुलीच्या हातात नवी निळी बादली, बादलीत कपडे. वसतिगृहातून त्यांना परत पाठवलं होतं, कारण जामसरची नवशी गोमा मुकणे कालच दाखल झाली होती. जामसरला पाडे दोन, त्यात गोमा दोन, दोघांना नवसाने मुली झाल्या, दोघींची नावं नवशी. शाळेत घालणारे मास्तर मात्र एकच.

साहेबांनी यादी उघडली. "नवशी गोमा मुकणे, जामसर, एक जून. नाव आहे की."

"ती दुसरी, सायेब. खालच्या पाड्याची. माझी ही."

"ही म्हणजे ती नव्हे, असा दाखला आण."

गोमाने मुलीकडे पाहिलं. "हीच दाखला," तो म्हणाला.

साहेबांनी ते वाक्य फाइलला लावता येण्यासारखं नसल्याने ऐकलं नाही. गोमा मग हर्षालीकडे वळला. "बाय, नाव नसंल तर दिवाळीनंतर हिला वीटभट्टीवर न्यावी लागंल. मागं घरी कोण हाय?"

तो गेल्यावर हर्षाली साहेबांना म्हणाली की चूक आपली आहे, तसं वर कळवू या. साहेब रागावले नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून वरून आलेलं अभिनंदनाचं पत्र काढून तिच्यापुढे ठेवलं. "ही त्रेसष्ट खरी निघाली, तर बोगस कोण, हर्षालीताई?" विचारलं तिला, पाहिलं माझ्याकडे. माझा हार पुढच्या एकतीस मेला होता. मी स्टेपलरच्या पिना भरू लागलो.

हर्षालीने वॉल्टरला पुन्हा लिहिलं. एक जूनचं सगळं लिहिलं, गेलेली नावं परत कशी आणायची ते विचारलं. वॉल्टरचं उत्तर लांबलचक होतं. पॅक केल्यावर परत येत नाहीत, प्रतीवरून आणा. तारखेचं आधी कळलं असतं तर हा प्रोग्राम दिलाच नसता. शेवटी त्याने लिहिलं होतं: मला रात्रभर चैन पडलं नाही, कुणाचं नुकसान तर झालं नाही ना?

हजारो मैलांवरून तो विचारत होता. आमच्या कार्यालयात हे कुणी विचारलं नव्हतं.

हर्षालीने मला विचारलं, काय लिहू? साहेबांची जेवणाहून यायची वेळ झाली होती, फोन मोकळा करायचा होता. मी म्हटलं, लिही, नो प्रॉब्लेम. तिने तसं लिहिलं. मग तिथल्या रिवाजाप्रमाणे 'प्रश्न सुटला' या चौकोनात खूण केली.

दिवाळीनंतर एसटी स्टँडबाहेर भिवंडीकडे जाणारा ट्रक भरत होता. मागे पोत्यांवर नवशी बसली होती, मांडीवर निळी बादली. तिने मला लगेच ओळखलं. मीही ओळखलं तिला. त्याला जन्मतारीख लागली नाही.

मग मी एसटीचं वेळापत्रक वाचत उभा राहिलो, ट्रक जाईपर्यंत.