वहिनींनी न खाल्लेला केक

मी वजनकाटा बोलतोय. दचकू नका, मी तुम्हाला वर उभं राहायला सांगणार नाही. आजवर मी सगळ्यांचं ऐकत आलो, आज थोडं माझं ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. खाली लोखंडी चौथरा, मागे दांडा आणि दांड्यावर ताटाएवढी तबकडी, असा माझा बांधा. तपासणाऱ्या बाईंनी माझ्यावर वीस-वीस किलोची वजनं ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. दर वेळी काटा नेमक्या आकड्यावर थांबला. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

पहिली सात वर्षं मी पार्सलच्या कचेरीत काढली. तिथे मी सुखात होतो. खोकं जड भरलं तर कारकून नुसता आकडा लिहायचा. "लाज नाही वाटत?" असं त्या खोक्याला कुणी कधी विचारलं नाही.

पुढे कचेरीत बटणांचा काटा आला आणि मला सरांनी विकत घेतलं. सर बायकांचा व्यायामवर्ग चालवतात. अंगाने काटक, गळ्यात कायम शिट्टी. माझी तबकडी पाहून ते खूश झाले. "शेवटच्या रांगेतूनसुद्धा दिसलं पाहिजे," असं म्हणत त्यांनी मला हॉलच्या मधोमध उभं केलं.

वर्गाची एक रीत होती. शनिवारी व्यायाम संपला की एकेकीने माझ्यावर चढायचं. सर आकडा मोठ्याने वाचायचे. कमी भरला तर टाळ्या. वाढला तर सर शिट्टी फुंकायचे आणि सगळ्या जणी एका सुरात विचारायच्या, "काय खाल्लं?"

मग तिने कबुली द्यायची.

"भाचीच्या वाढदिवसाला आइस्क्रीम."

"किती?"

"एक वाटी. बरं बाई, दोन!"

हशा पिकायचा आणि ती हसतहसत खाली उतरायची. कबूल केलं की सुटका.

पहिल्या रांगेत सरांची बायको असायची. तिला सगळ्या वहिनी म्हणायच्या. वहिनी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या अंथरायच्या आणि शेवटी त्या गुंडाळून ठेवायच्या. मधल्या वेळात त्यांनी एक उठाबशी कधी चुकवली नाही. घरी त्यांचं ताट सर स्वतः वाढायचे, हे सरच अभिमानाने सांगायचे. "व्यायाम शिकवणाऱ्याच्या घरात असलं शरीर? कोण येईल माझ्याकडे?"

तरीही त्यांचं वजन वाढू लागलं. पहिल्या शनिवारी नऊशे ग्रॅम. दुसऱ्या शनिवारी सव्वा किलो.

"काय खाल्लं?" वर्गाने विचारलं.

"काहीच नाही. खरंच."

"हवा खाऊन वजन वाढतं का गं?" सर म्हणाले. सगळ्या हसल्या. वर्गातल्या चष्मेवाल्या काकूंना तर उकळीच फुटली. "वहिनी, चव बघता बघता पातेलं रिकामं करत असाल!"

तिसऱ्या शनिवारी पुन्हा वाढ. वहिनी खाली उतरायला लागल्या, तर सरांनी हात आडवा धरला. "कबूल केल्याशिवाय उतरायचं नाही."

वहिनी उभ्या राहिल्या. समोर बावीस बायका घाम पुसत बसल्या होत्या. कुणाला घरी जायची घाई होती, कुणाला मजा वाटत होती. वहिनी या पायावरून त्या पायावर भार टाकत होत्या, त्यामुळे माझा काटाही डुलत होता. मग त्या हळूच म्हणाल्या, "केक."

"कसला?"

"चॉकलेटचा. बेकरीत. उभ्या उभ्या खाल्ला."

शिट्टी वाजली, हशा पिकला आणि वहिनी सुटल्या. त्यांना वाटलं, एवढ्यावर भागेल. चूक झाली ती इथेच.

पुढच्या प्रत्येक शनिवारी त्या नवं काहीतरी सांगू लागल्या. लोण्यात परतलेले बटाटे. साखर भुरभुरलेला पाव. भुकेल्या माणसाला पदार्थ फार स्पष्ट दिसतात. त्या इतकं रंगवून सांगायच्या की ऐकणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. सर मात्र ते खरं धरून चालायचे. त्यांनी वहिनींचं रात्रीचं जेवण बंद केलं आणि दोरीच्या दोनशे उड्या वाढवल्या. "स्वतःच्या तोंडाने कबूल करते आणि पुन्हा खाते! काय करावं या बाईचं?" असं ते भेटेल त्याला सांगत सुटले.

माझ्या वाट्याला वहिनींचे फक्त पाय यायचे. मोज्यांच्या रबराचा वळ त्यांच्या घोट्यावर इतका खोल रुतलेला असायचा की त्या उतरेपर्यंत तो भरून येत नसे. पार्सलच्या कचेरीत कधी भिजलेली पोती यायची. त्यांत जास्तीचं कुणी काही भरलेलं नसायचं, तरी ती जड भरायची. मला ती आठवायची. पण माझ्याकडे एकच काटा आहे आणि त्याला आकड्यापलीकडे काही बोलता येत नाही.

ओळखलं ते शिवणवाल्या मावशींनी. त्याही वर्गाला यायच्या आणि बाकीच्या बायकांचे कपडे शिवायच्या. वहिनींचे व्यायामाचे कपडे सैल करायला त्यांनी माप घेतलं, जुन्या मापाशी ताडलं आणि टेप हातात धरूनच त्या सरांकडे आल्या.

"सर, यांचे दंड दोन इंच आत गेलेत आणि घोटे फुगलेत. खाऊन सुटलेलं माणूस असं सुटत नाही हो. डॉक्टरला दाखवा."

सर हसले. "मावशी, तुम्ही कापड मोजा. माणसं मी मोजतो."

वहिनी तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मी केक खाल्लाच नव्हता."

"वा! म्हणजे आता खोटंही बोलायला लागलीस."

चार दिवसांनी दोरीच्या एकशे साठाव्या उडीला वहिनी कोसळल्या. "नाटक आहे, उठेल आपोआप," सर म्हणाले आणि त्यांनी पुढचा आकडा मोजायला सुरुवात केली. वहिनींना गाडीत घालून दवाखान्यात नेलं ते मावशींनी.

पुढचं मला बायकांच्या बोलण्यातून कळलं. वहिनींच्या मूत्रपिंडांतून अंगातली प्रथिनं गळत होती. त्यामुळे सगळ्या शरीरात पाणी साठलं होतं. "दोन महिने आधी का नाही आलात?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा सर वहिनींकडे बघून म्हणाले, "हिने सांगायला नको?"

औषधांनी पाणी उतरलं. व्यायामाला सक्त मनाई झाली. तरी घरी आल्यावर पहिल्याच शनिवारी सर त्यांना हॉलमध्ये घेऊन आले. "पाच मिनिटं, फक्त आकडा दाखवायला."

वहिनी माझ्यावर चढल्या. पाय काडीसारखे झाले होते. कातडी सुरकुतली होती.

"तेरा किलो कमी!" सर ओरडले. "दोन आठवड्यांत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या आकड्याला एवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. नव्या बायका पुढे सरकल्या. "वहिनी, आहार सांगा ना! सकाळी काय घेता?"

"अहो, ते पाणी होतं," वहिनी म्हणाल्या. "मी आजारी होते."

"भारीच बाई लाजाळू," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा टाळ्या.

बायका गेल्यावर हॉलमध्ये दोघंच उरले. सर फडक्याने माझी तबकडी पुसत होते.

"मी चोरून खात नव्हते," वहिनी म्हणाल्या. "एवढं एकदा तुमच्या तोंडून म्हणा. वर्गासमोर नको. इथेच म्हणा."

"आता कमी झालंय ना? मग जुनं कशाला उकरतेस?"

वहिनींनी पर्समधून हॉलच्या आणि घराच्या किल्ल्या काढल्या, माझ्या चौथऱ्यावर ठेवल्या आणि त्या निघून गेल्या. माझा काटा जागचा हलला नाही. सरांना वाटलं, येईल संध्याकाळपर्यंत.

याला आता पाच महिने झाले. वर्गाला गर्दी मावत नाही. सर नव्या बायकांना तेरा किलोंची हकिगत सांगतात आणि बऱ्याच जणींनी रात्रीचं जेवण सोडलं आहे. मावशींनी वर्ग सोडला. शेवटच्या दिवशी त्या सांगत होत्या, वहिनी बहिणीकडे राहतात. डॉक्टरांनी रोज वजन बघायला सांगितलंय, म्हणून त्यांनी एक छोटा काटा घेतलाय. दार लावून त्या एकट्याच त्याच्यावर चढतात, आकडा मनातल्या मनात वाचतात आणि वहीत लिहितात.

तो काटा माझ्याहून नशीबवान. माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे: मला या हॉलमधून बाहेर काढा. मोडीत घाला, नाहीतर पुन्हा खोकी मोजायला पाठवा. आज शनिवार आहे. बाहेर बायका रांगेत उभ्या राहून बूट काढतायत, आणि सरांनी शिट्टी तोंडात धरली आहे.