पाचवी माळ

घटापुढे बसणाऱ्याने तोंड देवीकडे ठेवायचं आणि पाठ दाराकडे. त्यामुळे तिसऱ्या माळेला कृष्णात देवळाच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा हंबीररावांना आधी त्याचा आवाज ऐकू आला, माणूस नंतर दिसला.

"मामा, आईला कोल्हापूरला दवाखान्यात ठेवलंय. काळजाची झडप बदलायची हाय. पंचमीच्या दुसऱ्या दिशी सकाळी ऑपरेशन."

हंबीररावांनी मान वळवली. भाचा उंबऱ्याबाहेर उभा होता, पायात बूट तसेच. तिने मला बोलावलंय का, असं त्यांनी विचारलं. नाही, असं तो म्हणाला. मी आपला सांगायला आलो. मग देवीला लांबूनच हात जोडून तो निघून गेला. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि वळणाशी विरला.

गाव हातकणंगल्यापासून जवळ, मळीच्या जमिनीचं. गावात अंबाबाईचं दगडी देऊळ आणि वर टेकडीवर टेंबलाईचं छोटं घुमटीवजा ठाणं. कोल्हापुरात जे मोठ्या प्रमाणावर चालतं तेच इथे गावापुरतं. नवरात्रात भावकीतला एक कर्ता पुरुष घटी बसतो. पाळी फिरत फिरत येते आणि एका घरात पुन्हा यायला बरीच वर्षं जातात. घट बसल्यापासून दसऱ्याच्या सोन्यापर्यंत बसणाऱ्याने समोरचा उंबरा ओलांडायचा नाही. फराळ घरून येतो. झोपायचं घोंगड्यावर, घटाशेजारीच. मागच्या भिंतीला एक बुटकं दार आहे, त्यातून न्हाणीपर्यंत जाता येतं. तिथे आवाराची भिंत संपते. बाकी काम एकच, अखंड दिव्यात तेल घालायचं आणि वात विझू द्यायची नाही.

हंबीरराव साखर कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. आयुष्यभर यंत्राच्या आवाजात काढलेल्या माणसाला ही शांतता पहिल्या दिवशी बरी वाटली. दुसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागले. तिसऱ्या दिवशी कृष्णात येऊन गेला, आणि त्यानंतर देऊळ लहान झालं. आदल्या दिवशीपर्यंत त्यांनी दगडी खांबांकडे नीट पाहिलंही नव्हतं. आता प्रत्येक खांब मध्ये उभा असल्यासारखा वाटू लागला. घटाच्या मातीत धान्याला कोंब फुटले होते. उजेड नसल्यामुळे ते पिवळे होते, आणि सगळे दिव्याकडे वाकले होते.

चिमणाबाई त्यांची धाकटी, एकुलती बहीण. दिलेली कुरुंदवाडला. तीन वर्षं ती माहेरी आली नव्हती, आणि कारण गावात सगळ्यांना माहीत होतं. हंबीररावांच्या लेकीचं, प्रियदर्शनीचं, लग्न ऐन गाळपाच्या हंगामात निघालं. पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी बहिणीला, ती भावाने स्वतः नारळ, कुंकू, अक्षता घेऊन जाऊन द्यायची, ही रीत. कारखान्यात तेव्हा दोन दोन पाळ्या चालल्या होत्या. हंबीररावांनी पत्रिकेचा फोटो कृष्णातच्या मोबाईलवर पाठवला आणि खाली लिहिलं, सर्वांनी यावे. लग्नाला कुरुंदवाडहून कोणी आलं नाही. आत्याने लावायची पहिली हळद शेजारणीने लावली. पुढे हंबीरराव एकदा कुरुंदवाडला गेले, तर चिमणाबाई चुलीकडे तोंड करून भाकऱ्या थापत राहिली. तिने चहा केला, पण तोंड वळवलं नाही.

टेंबलाईची गोष्ट ते लहानपणापासून ऐकत आले होते. कामाक्ष दैत्याने योगदंड फिरवून सगळ्या देवांची मेंढरं केली. अंबाबाईच्या धाकट्या बहिणीने, टेंबलाईने, तो दंड हिकमतीने मिळवला, दैत्य मारला, देव सोडवले. मग विजयाचा सोहळा झाला आणि त्याचं बोलावणं तिलाच गेलं नाही. ती रुसली, शहराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. अंबाबाईला चूक कळली तेव्हा तिने निरोप पाठवला नाही. सगळा लवाजमा घेऊन ती स्वतः टेकडीवर गेली, आणि दैत्य कसा मारला ते धाकटीला दिसावं म्हणून तिच्यापुढे कोहळा फोडला. म्हणून दरवर्षी ललिता पंचमीला, ऐन नवरात्रात, देवी आपली जागा सोडते.

ही गोष्ट हंबीररावांनी दरवर्षी ऐकली होती, लग्नाच्या वर्षीसुद्धा.

संध्याकाळच्या आरतीनंतर त्यांनी बाळासो गुरवाला थांबवून घेतलं. पंचमीला मी उठणार, दिवेलागणीच्या आत परत येणार, असं सांगितलं. बाळासो वयाने लहान, पण देवळाच्या आत त्याचा शब्द चाले. त्याने हंबीररावांच्या चुलत्याची आठवण काढली. चुलते घटी बसले असताना म्हैस अडली म्हणून रात्री उठून गोठ्यात गेले होते. त्या साली गारपीट झाली. म्हैस सुखरूप व्याली, पण गावचं पीक झोपलं, आणि लोक अजून त्या घराला 'म्हशीवाले' म्हणतात.

"देवी सोता उठती की पंचमीला," हंबीरराव म्हणाले. "धाकटीकडं जाती. मी बी तेवढंच म्हणतोय."

"देवी उठती, पर दिवा ऱ्हातोय न्हवं का. त्येच्याजवळ कोण बसायचं?"

यावर हंबीररावांकडे उत्तर होतं. पूर्वी पंचमीला घटी बसणारासुद्धा उठून पालखीला खांदा देत असे, आणि तेवढा वेळ त्या घरची माहेरवाशीण, म्हणजे बहीण असंच सगळे धरून चालत, दिव्याजवळ बसे. त्यांच्या वडिलांच्या पाळीला नवी लग्न झालेली चिमणाबाई बसली होती. पुढे लेकीबाळी पुण्याकडे गेल्या, पंचमीला येणं जमेना, आणि बसणारे उठायचेच बंद झाले. बाळासोने हे आपल्या वडिलांकडून ऐकलं होतं. त्याने ते नाकारलं नाही.

"मग घिऊन या भनीला," तो म्हणाला. "ती बसली तर मी आडवणार न्हाय. भावकीला बी सांगतो."

तो ताट उचलून गेला. हंबीररावांना समजायला थोडा वेळ लागला. ज्या बहिणीला भेटायला उठायचं, तीच इथे येऊन बसली तर उठता येणार. ते हसले. देवळात आवाज घुमला, तो त्यांना आवडला नाही.

चौथी माळ तशीच गेली. लोक येत, घंटा वाजवत, घटापुढे वाकत, आणि भाग्यवान आहात म्हणत. बायको फराळाचा डबा घेऊन आली. दिव्याजवळ तू बसशील का, असं तिला त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, मी घरची सून, सून बसत नाही, मी विचारून आलेय. मुलाच्या, यशराजच्या, खिशात त्यांचा मोबाईल होता. तो दारात उभा राहून सांगे की आत्याचे रिपोर्ट आले, आत्या कोणाशी बोलत नाही. हंबीरराव दिव्याकडे बघत ऐकत. रात्री त्यांनी दोनदा उठून उंबऱ्यापर्यंत चक्कर मारली. दार उघडंच होतं. दाराच्या जाळीला कुलूप नव्हतं. ते असतं तर सोपं गेलं असतं.

पंचमीला दुपारी प्रियदर्शनी सासरहून पालखीसाठी आली. अंगणात पालखी सजली होती, कोहळ्याला हळदकुंकू लागलं होतं, हलगीवाले हलगी शेकत बसले होते. यशराजने तिला वाटेतच सगळं सांगितलं असावं. ती थेट आत आली, पाय धुऊन दिव्यासमोर वडिलांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आबा, उठा."

बाळासो धावत आला. त्याने समजावलं की हे बहिणीचं काम आहे, लेकीचं नाही. चिमणाबाई बसली होती ती बहीण म्हणून.

"कुणाची भन?" प्रियदर्शनीने विचारलं.

"हंबीरतात्यांची."

"पाळी कुणाची हुती तवा?"

बाळासो बोटांवर वर्षं मोजू लागला.

"आजोबांची हुती. आजोबांची ती कोण? लेकच न्हवं का?"

सगळ्या गावाने चिमणाबाईला इतकी वर्षं हंबीररावांची बहीण म्हणूनच पाहिलं होतं. ती दिव्याजवळ बसली तेव्हा बसणाऱ्याची लेक होती, हे खुद्द तिच्या भावालाही सुचलं नव्हतं. बाळासोने घटाकडे पाहिलं, बाहेर खोळंबलेल्या पालखीकडे पाहिलं.

"दिवेलागणीच्या आत," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

हंबीररावांनी पालखीला वेशीपर्यंत खांदा दिला. तिथून पालखी टेकडीकडे वळली आणि ते यशराजच्या गाडीत बसले.

दवाखान्याच्या दारात पहारेकऱ्याने त्यांना अडवलं. पांढरं धोतर, वाढलेली दाढी, अनवाणी पाय. "पावणं, चप्पल कुठं टाकली?" त्याने विचारलं. मग त्याला हातातला नारळ दिसला. नारळ आत नेता येत नाही, तो टेबलावर ठेवा, जाताना घेऊन जा. हंबीररावांनी नारळ ठेवला. कुंकू आणि अक्षतांची पुडी कनवटीला होती, ती कोणी विचारली नाही.

चिमणाबाई भिंतीकडे तोंड करून निजली होती. पांढऱ्या चादरीखाली ती फार थोडी उरल्यासारखी दिसत होती. कृष्णात उठून बाहेर गेला. हंबीरराव खाटेच्या अलीकडे उभे राहिले. वाटेत त्यांनी बरंच काही जुळवलं होतं, गाळपाचं, पाळ्यांचं, मोबाईलचं. ते त्यांना इथे बोलावंसं वाटलं नाही.

"चिमणे, आलोय मी."

सलाईनच्या नळीतलं पाणी थेंब थेंब उतरत राहिलं.

"आज पाचवी माळ न्हवं?" ती भिंतीला म्हणाली.

"व्हय."

"दिव्यापाशी कोण हाय?"

"प्रिया बसलीया."

तिने चादर खांद्यावर ओढून घेतली. त्यांना वाटलं, झोप लागली.

"वात फुडं सारायची तर काडीनं सार म्हणावं. बोटानं नगं. मी भाजून घेतलतं." आणि मग, "जा आता. दिवेलागण हुईल."

त्यांनी पुडी खाटेशेजारच्या कपाटावर, पाण्याच्या बाटलीजवळ ठेवली. दारातून वळून पाहिलं तेव्हा ती तशीच होती, भिंतीकडे तोंड करून. खाली पहारेकऱ्याने हाक मारली म्हणून नारळाची आठवण झाली. तो त्यांनी तिथेच उभ्या असलेल्या कृष्णातच्या हातात दिला.

गावात शिरताना टेकडीवरून हलगी ऐकू येत होती. कोहळा फुटला होता, पालखी उतरणीला लागली होती. देवळात प्रियदर्शनी एकटी होती, पाठ दाराकडे. पाऊल वाजलं तरी तिने मान वळवली नाही.

"बोलली?"

"दिव्याचं इचारलं. वात काडीनं सार म्हणाली, बोटानं नगं."

तिने बसल्या जागेवरूनच हात वर केला. उजव्या हाताच्या बोटाचं टोक लाल झालं होतं.

"लवकर सांगायचं की," ती म्हणाली.

मग ती उठली. हंबीररावांनी पाय धुतले, उंबरा ओलांडला आणि तिची जागा घेतली. तेल पुरेसं होतं. पिवळे कोंब आणखी थोडे वाढले होते. पालखी अंगणात आली, आरती झाली, लोक पांगले, आणि बाळासोने जाताना दार नुसतं लोटून घेतलं. दसऱ्याला अजून अवकाश होता. ऑपरेशन उद्या सकाळी होतं, आणि हंबीररावांना इथून हलता येणार नव्हतं. कोणीतरी दारात येऊन उभं राहील. आधी आवाज ऐकू येईल.

त्यांनी काडी उचलून वात पुढे सारली.