'हो' म्हणण्यासाठी एक गुण

मावशीच्या कपाळावरची पट्टी पुन्हा नीट करून भाचीने यंत्राच्या पडद्याकडे पाहिले. त्यावरची रेघ गाढ झोपल्यासारखी आडवीच पडली होती.

पट्टी तिनेच तयार केली होती. तिच्यातले बारीक दिवे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कपाळातून आत सोडत. मेंदूचा जो भाग कामाला लागेल तिकडे जास्त रक्त धावे, त्यामुळे परत येणारा प्रकाश बदले आणि रेघ वर चढे. आजाराने मावशीचे बोलणे तर हिरावलेच होते, पापणीसुद्धा तिच्या हुकमात राहिली नव्हती. म्हणून असे ठरले होते, की 'हो' म्हणायचे असेल तर तिने मनात मोठी वजाबाकी करावी; 'नाही' असेल तर स्वस्थ पडून राहावे. इतर रुग्णांना ही युक्ती छान जमली होती.

"आजही उत्तर आलं नाही, तर त्यांना काही कळत नाही असं मला लिहावं लागेल," डॉक्टरीणबाई अवघडून म्हणाल्या. "मग घरी न्यायचं की इथेच ठेवायचं, ते तुम्हीच ठरवा."

भाचीचा जीव टांगणीला लागला. मावशीच्या वतीने दुसऱ्या कुणी काही ठरवल्याचे तिला आठवत नव्हते. तिने मावशीचे केस बाजूला सारले, खोलीतला उजेड आत शिरू नये म्हणून पट्टीवर काळे कापड घातले आणि विचारले, "मावशी, तू गणित शिकवायचीस ना?"

रेघ ढिम्म.

"हिला कसली वजाबाकी घालतेस?" खुर्चीतून काका, म्हणजे मावशीचे यजमान, म्हणाले. "मला झापताना मध्येच कुणी गुणाकार विचारला, तर उत्तर देऊन ही पुन्हा झापायला लागायची. एक शब्द चुकायचा नाही!"

भाचीने कपाळावर हात मारला. यंत्र ठणठणीत होते. ज्या मेंदूला घाम फुटायला हवा, तो गणित म्हटल्यावर पाय पसरून बसत होता.

"काका, मावशीला खरोखर जड जाईल असं काय?"

"माझं कौतुक. इतक्या वर्षांत एकदाही जमलेलं नाही."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. भाची मात्र गंभीर झाली. "मावशी, ऐक. आता 'हो' असेल, तर काकांचा एक चांगला गुण शोध. दर वेळी नवा. 'नाही' असेल, तर काकांना विसरून जा."

"ते सोपं आहे तिला," काका पुटपुटले.

गणित शिकवण्याचा तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला. रक्त आपल्याच चालीने, थोडे उशिराच येते. तिघेही पडद्याकडे पाहत बसले. रेघ हलली आणि चढू लागली! "तू विमान चालवायचीस का?" रेघ खाली उतरून शांत झाली. असे आणखी काही प्रश्न उलटसुलट झाले आणि सगळी उत्तरे बरोबर आली. डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावले.

"आता खरा प्रश्न. मावशी, घरी यायचंय?"

रेघ आडवीच राहिली. काकांचा चेहरा उतरला.

"संपले वाटतं गुण," ते हळूच म्हणाले.

आणि मग रेघ उठली, ती आतापर्यंतच्या सगळ्या टोकांना मागे टाकत गेली. खात्री म्हणून डॉक्टरीणबाईंनी विचारले, "की इथेच राहायचंय?" रेघ निवांत.

"सापडला हो, सापडला!" काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. "पण कुठला गं?"

"ते यातून कळत नाही, काका."

"मग आधी ते सुधार!"