अर्ध्या तळ्याची देवी

"आलं! मायचं रक्त आलं!"

उंद्रीच्या शिवारात, नौशादच्या शेततळ्याच्या बांधावर गर्दीचे हात जोडले गेले. सकाळी हिरवंगार असलेलं पाणी दुपारच्या उन्हात, दयाराम महाराजांच्या मंत्रांवर, लाल होत चाललं होतं. काठाला मेलेले कटला-रोहू उलटे तरंगत होते. शेजारीच आशाबाई तांब्यात तीर्थ भरून घेत होती.

"महादेवरावाच्या तळ्यातही लाली येते, पन तिथले मासे जिते," महाराज गरजले. "तिथं माय हासते, इथं रडते. काऊन? मालकाचं पाप! हे तळं बुजवा, नाही तर गाव बुडते!"

महादेवरावांनी मान डोलावली. नौशादचा बांध त्यांच्याच बांधाला लागून होता.

कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी जयमाला मागे उभी राहून उन्हाकडे बघत होती. परवा आभाळ भरून आलं होतं, तेव्हा महाराज फिरकलेच नव्हते.

"मॅडम, तळं बुजवाचा ठराव येऊन राह्यला ग्रामसभेत," नौशाद हळूच म्हणाला. "घर याच्यावरच चालते."

"दोन बाटल्या भर. एक तुझ्या तळ्यातली, एक त्यांच्या."

सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडचे एकपेशीय जीव जुळ्या भावंडांसारखे दिसले: लांबट, शेपटीचे, आत लाल दाणे. जयमालाने घाई केली नाही. ओळखीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकांचा ठरावीक तुकडा वाचून माहीत असलेल्या जातींशी ताडून घेतला.

ग्रामसभा तळ्यावरच भरली. जयमालाच्या सांगण्यावरून नौशादने मिरचीच्या रोपांवरचं शेडनेट सकाळीच दुहेरी करून अर्ध्या तळ्यावर ताणलं होतं. महाराजांनी घसा कोरडा होईपर्यंत मंत्र म्हटले. उन्हातलं पाणी लाल झालं. जाळीखालचं हिरवंच राहिलं.

"जाळीखाली मायची नजर जात नाही!" महाराज ओरडले.

"मंग मायले मिरचीची जाळी भारी पडली म्हना," आशाबाई बोलून गेली. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"नौशाद, जाळी पलीकडं सरकव," जयमाला म्हणाली. "आणि महाराज, आता तुम्ही गप्प बसा."

थोड्या वेळात हिरव्याचं लाल झालं, लालाचं हिरवं. मंत्र कोणीच म्हटला नव्हता.

"डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत हे. उन्हात आतले लाल दाणे अंगभर पसरवतात, सावलीत मधोमध गोळा करतात."

महादेवराव उसळले. "मंग मासे त्याचेच काऊन मेले? माह्ये काऊन नाही?"

"जीव दिसायला सारखे, जाती वेगळ्या. जनुकांवरून ते कळलं. इथली जात माशांना मारणारं विष बनवते, तुमच्याकडची नाही. उद्या एखाद्या बगळ्याच्या पायाला चिकटून ती तुमच्या तळ्यात आली, तर बांध कोणाचा हे विचारणार नाही."

आशाबाईने भरलेला तांब्या महाराजांसमोर धरला. "घ्या, तुमीच घ्या पह्यले तीर्थ."

महाराजांनी तोंड फिरवलं.

"अन् आमाले पाजून राह्यला होता, बे?"

तिने तांब्या बांधावर उपडा केला. ठरावाला एकही हात वर झाला नाही, महादेवरावांचासुद्धा.

पाणी लाल दिसलं, तर हात जोडण्याआधी अर्ध्यावर जाळी टाकून बघा. आणि शेजारी पापी आहे असं कोणी सांगू लागला, तर त्या शेजाऱ्याच्या बांधाला कोणाचा बांध लागतो, तेही बघा.